बातमीदाराची झाकली मूठ

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळे बातमीदार म्हणत. कुणाची सून रुसली, कुणाचा जावई घरी बसून आहे, हे दाढीचा फेस वाळायच्या आत गल्लीभर व्हायचं. स्वतःची गोष्ट मात्र पठ्ठ्याने बायकोलाही कळू दिली नव्हती. महिनोन्महिने ताप येत-जात होता. डॉक्टर विचारत, "लघवीची काही तक्रार?"

"छे! एकदम झकास."

खरं तर तिथेच जळत होतं, अडत होतं. आत कर्करोगच असणार, हे त्याने मनोमन ठरवूनही टाकलं होतं. बोललंच नाही, तर तो नाहीच!

तापाचं मूळ सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी स्कॅनला धाडलं. तिथे त्याचं रक्त काढलं, त्यातल्या पांढऱ्या पेशींना किरणोत्सारी औषध लावलं आणि त्या पुन्हा शिरेतून सोडल्या.

"जिथे जंतू, तिथे या पेशी धावतात आणि फोटोत चमकतात," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या.

"म्हणजे यांच्यासारख्याच," बायको म्हणाली. "भांडण तिथे हजर!"

"आता लघवी करून या. मूत्राशय पूर्ण रिकामं हवं," काही तासांनी बाई म्हणाल्या. "थोडं औषध लघवीतही उतरतं, तेही चमकतं."

बाहेर रांग, आत हा ताटकळत उभा. चार थेंबांवर भागवून आला. "झाली, झाली!"

"हलू नका हं." जन्मभर गिऱ्हाइकांना हेच दटावणारा आता स्वतः ओंडक्यासारखा पडला.

पडद्याकडे बघून बाई हसल्या. "काका, थाप मारलीत! टाकी तुडुंब आहे. तिच्या उजेडात खालचं काही दिसत नाही."

बायकोने डोळे वटारले. "अहो, होत नाही का? कधीपासून?"

"झाले... काही महिने," तो छताला म्हणाला.

"आणि शेजारणीच्या गुडघ्याची बातमी रोज जेवताना!"

तिने त्याला परत आत पिटाळलं, नळ सोडला आणि दाराशी पहारा दिला. बऱ्याच कुंथण्यानंतर टाकी उतरली. पुढच्या फोटोत मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी लख्ख चमकत होती.

"तापाचं घर सापडलं," डॉक्टर म्हणाले. "प्रोस्टेटला जंतुसंसर्ग."

"म्हणजे... ते नाही?"

"ते कोणतं?"

"कर्करोग." शब्द पहिल्यांदाच तोंडातून फुटला. बायकोने त्याचा हात घट्ट धरला.

"नाही हो! बाकीच्या तपासण्यांतही तसं काही नाही. गोळ्या मात्र बरेच आठवडे. आधीच बोलला असतात, तर एवढा द्राविडी प्राणायाम कशाला झाला असता?"

आता साठीतलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की बातमीदार फेस लावतो, वस्तरा गळ्याशी टेकवतो आणि हळूच विचारतो, "लघवी नीट होते ना? खरं सांगा. आणि हलू नका."

अजून तरी तिथे कुणी थाप मारलेली नाही.