संपदाची दाढ

विरारच्या चंदनसार भागात राहणारी संपदा तशी खोटं बोलणारी बाई नव्हे. पतपेढीत इतकी वर्षं काउंटरवर बसली, पण कुणाला उडवाउडवीचं उत्तर तिने दिलं नाही. देवापुढे दिवा लावल्याशिवाय सकाळचा चहा घेतला नाही. अशा बाईने लेकीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, "दाढ दुखतेय, दाखवून येते," आणि ती गेली कुठे, तर चेहऱ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे.

निमित्त झालं साड्यांच्या दुकानात. लेक प्रियलसाठी शालू बघताना तिथल्या मुलीने संपदाकडे हात करून विचारलं, "आजींना पण काही दाखवू का?" प्रियल खो खो हसली. संपदाही हसली. घरी आल्यावर मात्र न्हाणीघराची कडी लावून ती कितीतरी वेळ आरशासमोर उभी राहिली. नाकापासून ओठांच्या टोकांपर्यंत दोन्ही बाजूंना चरे पडले होते. गाल बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी सुईने तिथे औषध भरलं. फिलर म्हणतात त्याला. चरे बुजले, गाल वर आले. "काही दिवस चेहरा कुणाला दाबू देऊ नका हं, औषध सरकेल," असं त्यांनी बजावलं. संपदाने मान हलवली. मावशीची तिला तेव्हा आठवणच झाली नाही.

मथुरामावशी अर्नाळ्याची. संपदा लहान असताना तिची आई गेली, आणि मावशीने मासळी विकून तिला वाढवलं, शिकवलं. घरात काही चांगलं असलं की मावशी संपदाचे गाल दोन्ही तळव्यांत घट्ट धरायची, चांगले दाबायची, मग स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. त्याशिवाय तिची माया पुरी होत नसे.

साखरपुड्यात सगळं आटोपलं आणि मावशी हात पसरून पुढे आली. "ये गं माझे बाय, नजर लागंल तुला!"

संपदा झटकन मागे सरली. नुसती सरली असती तर एक वेळ चाललं असतं. तिने मावशीचं मनगट धरून बाजूला केलं.

व्याह्यांकडच्या बायका बघत राहिल्या. मावशीने आपले तळवे नाकाशी नेले.

"लिंबानं धुतलेत गं मी," ती हळूच म्हणाली.

"तसं नाही मावशी, माझी दाढ..."

"दाढ? आत्ता तर चकल्या खात होतीस कुडुमकुडुम."

मावशी जेवायला थांबली नाही. लग्नाला येणार नाही, असा तिचा निरोप आला.

त्यानंतर दिवा लावताना संपदाला देवाकडे वर बघवेना. तोंड रंगरंगोटी करून आणलं याची लाज होतीच. पण जिने आपल्याला वाढवलं तिला चारचौघांत स्वतःच्या हाताचा वास घ्यायला लावला, ही लाज काही केल्या गिळता येईना. रविवारी ती अर्नाळ्याला गेली.

मावशी अंगणात बोंबील उलटत होती. "कोन? पतपेढीच्या बाई? लांबच बसा, वास लागंल."

संपदा तिच्या पायाशी खालीच बसली. दुकानातली मुलगी, सुई, औषध, सगळं सांगून टाकलं.

"तोंडात सुया? हौसेनं?"

"हो."

"अगं, मंग मला सांगायचं ना! मी लांबूनच बोटं मोडली असती."

"लाज वाटली गं."

"तुझी लाज तू झाकलीस, आनि माझी काढलीस." मावशीचा हात थांबला. "लोकांदेखत मला मागं ढकललंस, आनि आता एकटीच्या कानात सांगतेस? असं नाय चालायचं. त्याच बायांसमोर सांग. मंग येते लग्नाला."

हळदीच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. विहीणबाईही साखरपुड्याच्या त्याच बायकांना घेऊन आल्या होत्या. मावशी आली, पण दारातच उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना. संपदाकडे नुसती बघत राहिली.

संपदा उठली. पदर दोन्ही हातांत गच्च धरून म्हणाली, "साखरपुड्याला माझी दाढ दुखत नव्हती. म्हातारी दिसू नये म्हणून मी गालांत सुया टोचून घेतल्या होत्या. म्हणून मावशीला हात लावू दिला नाही. तिच्या हाताला काही वास नव्हता."

नणंद सुमेधा म्हणाली, "तरीच! दाढ काढून असं तेज येत असेल तर मी पण बत्तिशी काढून येते म्हटलं, वहिनी!"

बायका खिदळल्या. विहीणबाई अगदी जवळ येऊन गाल निरखू लागल्या, "कुठे कुठे हो?" प्रियल ओल्या हळदीचं तोंड फिरवून बसली.

मावशी हसली नाही. तिने चपला काढल्या, आत येऊन बायकांच्या मधोमध बसली आणि म्हणाली, "चहा द्या कोनीतरी."

संपदाच गेली चहा करायला. साऱ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन स्वयंपाकघर गाठलं. साखर घातली की नाही हेही तिला आठवेना. मावशीने कप घेतला, एक घोट प्याली, तिच्याकडे पाहिलं आणि तो बिनसाखरेचा चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला.