हात सोडा

ज्या दिवशी अतिदक्षता विभागात माझ्या पत्नीच्या घशात नळी घातली आणि तिचे हात पलंगाच्या दांड्यांना बांधले, त्या दिवशी मला पैठण रस्त्यावरची नाकाबंदी आठवली.

मी तेव्हा बिडकीनच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. परक्या माणसाला लोक थांबवत, नाव विचारत, आणि उत्तर पटलं नाही तर हात उगारत. सकाळच्या हजेरीत मी रोज एकच बजावत असे : जमावाच्या आधी पोहोचा.

त्या दुपारी एका रसवंतीवाल्याचा ठाण्यात फोन आला.

"साहेब, पांढरी गाडी हाय. आत पोरगी लई रडायली. म्या इचारलं कोणाची, तर डायवरनं नुसतं बघितलं अन् गाडी काढली."

वायरलेसवर नाकाबंदीला वर्णन दिलं आणि मी जीपने निघालो. वाटेतच निरोप आला, गाडी सापडली. माझा जीव भांड्यात पडला नाही. निरोप देणाऱ्याच्या आवाजामागे मला माणसांचा कालवा ऐकू येत होता.

पोहोचलो तेव्हा गाडीभोवती कडं झालं होतं. एकाच्या हातात ट्रॅक्टरची लोखंडी टॉमी होती. मधोमध पस्तिशीचा एक माणूस, आणि त्याचे दोन्ही हात पाठीमागे पिरगाळून धरलेला आमचा हवालदार. हवालदार जुना आणि कामाला चोख. शिट्टी वाजवली तरी गाडी थांबली नाही, म्हणून मोटारसायकलने गाठून त्याने मागच्या काचेजवळ काठी आपटली होती. मग शिरस्त्याप्रमाणे किल्ली काढली, मोबाइल काढून घेतला. माणूस खिशाकडे हात नेतोय असं दिसताच हात धरले.

"साहेब, नाव सांगंना, गाव सांगंना. मुका बनायलाय. लई बेरकी हाय."

"आमच्या ताब्यात द्या साहेब," गर्दीतून आवाज आला. "दोन मिन्टात बोलता करतो."

"व्हय, पोपटावानी बोलंल!"

काही जण हसले. जमाव हसतो तेव्हा जास्त सांभाळावं लागतं. आम्ही चौघे होतो. ज्यादा कुमक शहरातून यायची होती. टॉमीवाला एक पाऊल पुढे सरकला.

मी त्या माणसाला मोठ्याने नाव विचारलं. तो माझ्या ओठांकडे एकटक पाहत राहिला. त्याच्या घशातून एक आवाज निघाला, त्याचा शब्द झाला नाही. मागच्या सीटवर पाच-सहा वर्षांची मुलगी होती. तिलाही विचारलं. ती गप्प. रडणंही थांबलं होतं.

मुलांचे जबाब घेताना मी एक गोष्ट पाहत आलो होतो. घाबरलेलं मूल ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघतं, परक्याला टाळतं. ही मुलगी त्या माणसाचं तोंड बघत नव्हती. मान वाकडी करून ती त्याच्या पाठीमागे बघत होती. हवालदाराच्या मुठीतल्या हातांकडे.

"हवालदार, हात सोडा."

"साहेब, पळाला तर?"

"पळाला तर मी आहे. सोडा."

हात सुटले. त्याने मनगटंही चोळली नाहीत. हात छातीसमोर आणले आणि बोटं भराभर हलू लागली. ती माझ्यासाठी नव्हती, मुलीसाठी होती. मुलीनेही सीटवर गुडघे टेकून तशीच बोटं हलवली. मग ती हवालदाराकडे वळली.

"अब्बा को सुनाई नै आता. आप कायकू चिल्लारे?"

तिने पुन्हा बापाच्या हातांकडे पाहिलं.

"अब्बा बोलरे, जेब में लायसन है. हम नानी के घर जारे, पैठण कू. मेरे कू बर्फ का गोला नै दिलाए, इसलिए मैं रोई."

खिशात परवाना निघाला, त्यावर तो बहिरा असल्याची नोंदही होती. मागच्या काचेवर बहिऱ्या चालकाची खूण असलेलं स्टिकर होतं, धुळीने झाकलेलं. हवालदाराची काठी त्याच्या वीतभर बाजूला पडली होती. पैठणला फोन लावून आजीकडून खातरजमा केली. तोवर टॉमीवाला निघून गेला होता. मी त्यांची गाडी जीपच्या पुढे घातली आणि पैठणपर्यंत मागे गेलो. आरशात तो सारखा मागे पाहत होता.

पुढे माझ्या विनंतीवरून तो मुलीला घेऊन हजेरीला आला. मुलीच्या तोंडून त्याने सांगितलं, तुम्ही हातांना भिता आणि आमची जीभच हातात आहे. शिपायांना मी तेव्हापासून शिकवलं : शिट्टीवर विसंबू नका, चालकाच्या समोर या, तोंड दिसू द्या. त्याचे हात नजरेत ठेवा, पण धरू नका. मोबाइल काढून घेण्याआधी त्यावर तो काही लिहू पाहतोय का, ते बघा. हवालदार खुणेने 'परवाना दाखवा' म्हणायला शिकला. निवृत्तीपर्यंत नाकाबंदीवर तो नव्या पोरांना ती खूण शिकवत असे.

त्या माणसाला बोलता येत नव्हतं असं लोक सांगतात. मी तसं लिहिणार नाही. त्याला बोलता येत होतं. आम्ही त्याचं बोलणं मुठीत धरलं होतं.

पत्नीचे हात सोडा म्हटल्यावर अतिदक्षता विभागातल्या सिस्टर म्हणाल्या, "काका, हात सोडले तर त्या नळी ओढतील."

"ओढली तर मी आहे इथं," मी म्हणालो.

त्यांनी एक हात सोडला. पत्नीने तो सावकाश उचलला, बोटांचा कप केला, ओठांपर्यंत नेला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी चहा घेतला का, ते ती विचारत होती. घेतला नव्हता. मी मान हलवून हो म्हटलं.

त्याच आठवड्यात ती गेली. आता सकाळचा चहा मी करतो. एक कप.