तांत्रिक मालीश, श्रीरामपूर: जोडीने यावे

माझी तीर्थयात्रांची वर्णनं वाचून बऱ्याच जणी विचारतात, "काकू, कायम लक्षात राहिलेला प्रवास कोणता?" त्यांना वाटतं, मी काशी म्हणेन नाहीतर रामेश्वर. खरं उत्तर श्रीरामपूर आहे. मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिथे गेलो आणि त्याच दिवशी परत आलो. डबा घरचा नेला होता, म्हणून मी तिला सहल म्हणते.

आम्ही तेव्हा शेवगावात राहायचो. आमचे हे हायस्कुलात तांत्रिक विभागाला होते, म्हणजे मुलांना सुतारकाम आणि फिटिंग शिकवायचे. गावात त्यांना 'तांत्रिकचे मास्तर' म्हणत. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा धरला. हात कमरेच्या वर जाईना. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, देवीला ओटी बोलले, पण खांदा काही ऐकेना. मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, "मार्चमध्ये तपासणी आहे. करवत हातात धरता येत नसेल, तर वर्कशॉप दुसऱ्याकडे देतो आणि तुम्हाला ऑफिसात टेबल देतो." पगार तोच राहणार होता. पण ज्या माणसाला लाकडाच्या भुशाच्या वासाशिवाय जेवण जात नाही, त्याला आवक-जावकचं टेबल म्हणजे काय ते माझं मला कळत होतं. हे बोलेनासे झाले. मी खांद्याला हात लावायला गेले तर "राहू दे" म्हणून कूस बदलायचे.

अशात वाण्याकडून जिऱ्याची पुडी आली. पुडीचा कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही ही माझी सवय. त्यात जाहिरात होती: 'श्रीरामपूर येथे तांत्रिक मालीश. आखडलेले सांधे, पाठ, मान यांवर खात्रीशीर. फी रुपये दहा. विवाहितांनी जोडीने यावे.'

"तांत्रिक मालीश!" हे तीन महिन्यांत पहिल्यांदा ताठ बसले. "म्हणजे यंत्राने. मोटर असणार, पट्टा असणार. पट्टा खांद्यावर टाकायचा आणि बटण दाबायचं. परदेशात सगळं असंच असतं."

"आणि जोडीने कशाला?"

"एक जण पट्ट्यात, एक जण बटणापाशी."

मला ते पटलं. जोडीने बसायचं म्हणजे सत्यनारायण एवढंच मला माहीत, पण बटणाचं कारणही रास्त होतं. दहा रुपये मात्र घशाखाली उतरेनात, आठवड्याचा किराणा यायचा तेवढ्यात. त्यावर ह्यांनी उपाय काढला. जाताना टेप आणि पेन्सिल न्यायची, यंत्राची मापं घ्यायची आणि तसंच शाळेच्या वर्कशॉपमध्ये करायचं. एकदाच दहा रुपये. मी लगेच डब्याची तयारी केली.

शेवगावहून सकाळी एस.टी. नेवाशाला जाते, तिथून श्रीरामपूरची दुसरी धरायची. कुकाण्यापर्यंत रस्ता ठीक होता. पुढे उसाच्या बैलगाड्यांमागे आमची गाडी अशी अडकली की ड्रायव्हरने विडी पेटवली. हिवाळ्यात त्या बाजूला जाणार असाल तर एक गाडी आधीची धरा आणि खिडकीची जागा धरू नका, उसाची पानं आत येऊन गाल कापतात.

माझ्या शेजारी पाथर्डीकडची एक म्हातारी होती. तिचा लेक आणि सून ऊसतोडीला आलेले, त्यांना भाकरीचं पीठ पोचवायला निघाली होती. पिशवी मांडीवर घट्ट धरून तिने विचारलं, "कुटं निगालात जोडीनं?"

"श्रीरामपूरला. यांचा खांदा धरलाय ना, तांत्रिकाकडे दाखवायचा."

म्हातारी एकदम लांब सरकली. "अगं बया! कुनी केलं?"

"काय कुणी केलं?"

"करनी, दुसरं काय! भाऊबंदातलं हाय का शेजारचं?"

हे मागच्या बाकावरून वाकून म्हणाले, "आजी, तसलं काही नाही. तांत्रिक म्हणजे टेक्निकल."

म्हातारीने त्यांच्याकडे फार दयेने पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "टेकनिकल म्हनं! म्हंजी लईच जुनाट दिसतंय. साधी करनी न्हाई ही." आणि पिशवीतून एक लिंबू काढून ह्यांच्या खिशात घालूनच ती खाली उतरली. दुसऱ्या दिवशी मी ते पोह्यांवर पिळलं. करणी असेल तर ती पोह्यांना झाली असेल.

नेवाशाला दुसऱ्या गाडीला वेळ होता, म्हणून माउलींच्या खांबाचं दर्शन घेतलं. मोकळी जागा, थंड फरशी, आणि सकाळी गर्दी अजिबात नाही. तिथे लोक खांबाला मिठी घालतात. ह्यांनी डावा हात घातला. उजवा तसाच खाली लोंबत राहिला. मी देवाला एवढंच म्हटलं, की बाबा, यंत्र चांगल्या कंपनीचं असू दे.

श्रीरामपुरात उतरलं की आधी गुळाचा वास येतो, मग कापसाचा, मग रेल्वेचा. बाजार मोठा, भाव शेवगावपेक्षा कमी. शुक्रवार असल्याने माझा उपास होता. स्टँडसमोर केळी घेतली, ह्यांनी डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. टांगेवाल्याला पत्ता दाखवला तसा तो म्हणाला, "मार्थाबाईकडं व्हय! जोडीनं? बसा, बसा," आणि सबंध रस्ताभर घोड्याशीच हसत राहिला.

मार्थाबाईंचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. बैठं घर, दारात शेवगा, पुढच्या खोलीत बाकडं. बाई पन्नाशीच्या, धिप्पाड, पांढरं पातळ, आवाज हेडमास्तरणीचा. आधी नर्स होत्या. मग मुंबईत एका जर्मन बाईकडे कामाला लागल्या आणि तिच्याबरोबर ही विद्या शिकल्या. हे सगळं त्यांनी आम्ही चपला काढेपर्यंत सांगून टाकलं, वर, "नगर जिल्ह्यात माझ्याशिवाय कुणाला येत नाही, खोटं वाटलं तर विचारा कुणालाही," हेही.

ह्यांनी खिशातली टेप चाचपली. "यंत्र कुठे आहे?"

"आत आहे. भिंतीवर."

"भिंतीवर? बरं. म्हणजे जागा वाचते. विजेवर चालतं?"

"श्रद्धेवर चालतं, मास्तर."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही आत गेलो. खोलीत चटई, गादी, समई, तेलाची वाटी आणि भिंतीवर तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं श्रीयंत्र. मी दर नवरात्रात ज्यावर कुंकू वाहते तेच. माझे हात आपोआप जोडले गेले. हे मात्र त्याच्या मागे मोटर आहे का ते वाकून बघत होते.

मार्थाबाईंनी मग सगळं समजावलं. हे तंत्रातलं मालीश. जोर लावायचा नाही, घाई करायची नाही, श्वास आणि हात बरोबर चालवायचे. "अंगाला सुख द्यायचं मालीश आहे हे. आपण अंगाला नुसतं राबवतो, सुख देत नाही, म्हणून ते रुसून बसतं." सुख हा शब्द परक्या बाईने ह्यांच्यासमोर एवढ्या मोठ्याने उच्चारला, तेव्हा मी पदर डोक्यावरून घेतला. त्या पुढे म्हणाल्या, "आणि माझा नियम एक. पुरुषाच्या अंगाला मी हात लावत नाही. मी पडद्याबाहेरून सांगणार, करायचं तुम्ही."

"मी?"

"जोडीने या म्हटलंय ते कशाला?"

"म्हणजे मालीश मीच करायचं आणि दहा रुपये पण मीच द्यायचे?"

"शिकवणीची फी आहे, बाई. शाळेत अभ्यास पोरंच करतात, पगार मास्तर घेतात."

ह्यावर आमच्या मास्तरांनी टेप खिशात आणखी खोल सारली. मी उठायच्या बेतात होते. पण भिंतीवर देवी होती, आणि टांग्याचे पैसे गेले होते, आणि ह्यांचा तो लोंबणारा हात. मी पदर खोचला.

हे पालथे झोपले. कोमट करडईचं तेल घेऊन मी सुरुवात केली. दिवाळीच्या पाडव्याला नवऱ्याला तेल लावतातच, तेवढा सराव होता. पडद्याबाहेरून आवाज आला, "भांडी घासता का, बाई? इथपर्यंत ऐकू येतंय."

मी हात हलका केला.

"आता भिंत सारवताय. माणूस आहे तो. जप करता की नाही रोज?"

"करते."

"मग मणी ओढतो तसं करा. एक मणी, एक श्वास."

तेवढं मला समजलं. मानेपासून खाली पाठीचा एकेक मणका म्हणजे माळेचा एकेक मणी, आणि प्रत्येकाला देवीचं नाव. माझ्या लक्षात आलं, की वीस वर्षांत ह्यांची पाठ मी नीट पाहिलीच नव्हती. डाव्या खांद्याखाली एक तीळ होता, मला ठाऊकच नव्हता. जरा वेळाने हे हळूच म्हणाले, "अगं, तिथे राहिलं." तीन महिन्यांच्या 'राहू दे'नंतर हे 'राहिलं' ऐकून माझे हात तेलातच थांबले.

"थांबू नका!" बाहेरून ओरडा.

माझं झालं असं वाटतं तोच मार्थाबाई म्हणाल्या, "आता मास्तर, तुमची पाळी. बाईंच्या पायांपासून."

मी ताडकन उठले. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा? "पाप लागेल हो! मी नाही. परत चला!"

"कुणाला पाप?" मार्थाबाई पडद्याबाहेरूनच म्हणाल्या. "तंत्रात बाई म्हणजे देवी. भिंतीवर आहे तीच. तुम्ही देवीच्या पायाला हात लावता तेव्हा पाप लागतं का?"

मी श्रीयंत्राकडे पाहिलं. त्याच्याशी वाद घालणं मला जमेना. मी पातळ घोट्यापर्यंत ओढून, डोळे गच्च मिटून, मनात क्षमा मागत आडवी झाले.

ह्यांनी डाव्या हाताने टाच धरली आणि अंगठ्याने दाबायला लागले. मी कळवळले.

"रंधा मारताय का, मास्तर?"

"रंधा असा नाही मारत," हे दुखावून म्हणाले. "रंधा मारायच्या आधी लाकडाची नस बघावी लागते. उलट गेलं की चिपा निघतात."

"मग बघा ना नस!"

ह्यांनी पकड सैल केली. मग बोटं हळू फिरायला लागली, कुठे कडक आहे, कुठे मऊ, ते शोधत. तळव्याला माझ्या भेगा होत्या, त्यांच्या कडेकडेने बोटं गेली. हेच ते हात, सागाच्या फळीवरून फिरताना मी लांबून पाहिलेले. माझ्या वाट्याला ते असे कधी आले नव्हते, आणि मीही कधी मागितलं नव्हतं. तळव्यातून जी ऊब निघाली ती कुठवर गेली ते लिहीत नाही. इतक्या वर्षांनी आत्ताही लिहिताना मी पदर सावरला. सुख हाच शब्द बरोबर होता.

मग ह्यांनी पाय उचलून गुडघ्यावर घेतला. एका हाताने ते होत नाही. मी एक डोळा उघडून पाहिलं तर उजवा हात छातीपर्यंत आला होता आणि माझा घोटा धरून होता. ह्यांच्या ते लक्षातच नव्हतं. मी डोळा मिटला आणि काही बोलले नाही. बोलले असते तर हात घाबरून खाली गेला असता.

दुपारच्या गाडीने परत निघालो. ह्यांना टेपची आठवण नेवाशाला झाली. "मापं घ्यायची राहिली," एवढं बोलून हे खिडकीबाहेर बघत हसत बसले. दिवेलागणीला घरी. दोघांची गाडीभाडी, टांगा, केळी आणि फी धरून वीस रुपयांच्या पुढे गेलं. त्या महिन्यात चहा एकवेळ केला.

शेजारच्या कुसुमवहिनी दारातच होत्या. "काय म्हणाले डॉक्टर?"

"घरीच करायचा उपाय आहे," मी म्हटलं, "दर रविवारी." तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमच्या दोन्ही मुली वहिनींकडे पापड लाटायला जायच्या. त्या उन्हाळ्यात वहिनींना पापडाला हातच लावावा लागला नाही. त्या अजून मला दुवा देतात.

मुख्याध्यापकांनीही ह्यांना विचारलं, "उपचार कसला चाललाय?"

"तांत्रिक," हे म्हणाले.

"अरे वा! यंत्र कोणतं?"

"भिंतीवरचं."

"छान, छान. जागा वाचते."

हात एकदम वर गेला नाही. आधी हनुवटी, मग कान, मग टोपी. फेब्रुवारीत एकदा अडला तो दोन आठवडे हलेना, तेव्हा ह्यांनी ऑफिसातलं ते टेबल मनाने पुसूनही ठेवलं होतं. मी माळ सोडली नाही.

तपासणीच्या दिवशी मी सकाळपासून देवासमोर होते. संध्याकाळी हे आले. अंगरख्यावर भुसा होता. तपासणीच्या साहेबांनी सर्वांसमोर फळी कापायला लावली, सांधा जोडायला लावला, वरच्या फळीवरचं हत्यार काढायला लावलं. "काढलं," हे म्हणाले. "वर्कशॉप माझ्याकडेच राहिलं."

मी साखर आणायला वळले. देवापुढे ठेवायला नको का? तर मागून आवाज आला.

"पण खांदा अजून पूर्ण सुटलेला नाही हं."

"वरच्या फळीवर पोचला ना हात?"

"तो शाळेत," हे घसा खाकरून म्हणाले. "घरी दुखतो."

मार्थाबाईंचं ते घर आता तिथे नाही, तेव्हा शोधत जाऊ नका, श्रीरामपूरचा बाजार मात्र जरूर करा. दहा रुपयांचं म्हणाल, तर मी प्रत्येक खर्चाला योग्य की अयोग्य असं मनात ठरवते, आणि त्या खर्चाचं मी त्याच संध्याकाळी ठरवलं. साखर देवापुढे ठेवली, मुलींना वहिनींकडे पिटाळलं आणि चुलीवर करडईचं तेल कोमट करायला ठेवलं. वार मंगळवार होता.