विमलाबाईंचं बंद नेट

खडकीच्या विमलाबाई दारूगोळा कारखान्यात पेट्या भरता भरता निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला. एकुलता एक सुदर्शन शिकला, आयटीत लागला आणि कॅनडाला गेला. जाताना आईसाठी कॉम्प्युटर मांडून गेला. दर रविवारी त्यावर एकमेकांची तोंडं बघत बोलायचं, असं ठरलं.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, आणि स्वभावाने खडूस. त्यात रविवारी संध्याकाळी कोथरूडहून खडकीपर्यंत स्कूटर हाणायची, म्हणजे डोकं तापलेलंच. बघतो तर नेट गणपतीपासून बंद, आणि बोलावणं दिवाळी उलटल्यावर! इतके दिवस झोपला होतात का, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे म्हटल्यावर जवळपासचे दोघे दुरुस्तीवाले कधीच हात झटकून मोकळे झाले होते. बाईंना घोर एकच, आपण दिसत नाही म्हणून पोराचा जीव तिकडे टांगणीला लागला असेल. मग तो मोबाइलवर फोन का नाही करत, असं मी विचारलं. परदेशातून परवडत नाही म्हणे. परवडत नाही म्हणे!

दुखणं साधंच निघालं. कॉम्प्युटर चालू झाला की वायफाय आपोआप जोडायची सर्व्हिस, म्हणजे मागच्या मागे चालणारा छोटा प्रोग्राम, सुदर्शनने स्वतः लिहिली होती. तीत वायफाय कार्डाचं नाव होतं ‘डब्ल्यूलॅन झीरो’. स्क्रीनवर अपडेट करू का असं आलं, बाईंनी ‘हो’ दाबलं, नवी सिस्टीम आली, आणि तिने त्याच कार्डाला दुसरंच लांबलचक नाव देऊन टाकलं. सर्व्हिस आपली जुन्या नावाच्या कार्डाची वाट बघत बसायची आणि शेवटी थकून बंद पडायची. कार्ड बनतानाच त्याला मिळालेला क्रमांक मात्र बदलत नाही. त्यावरून कार्ड ओळखायचं आणि मग सर्व्हिस चालवायची, अशी सोय मी करून दिली. नेट लागलं.

बाई चष्मा पुसून खुर्ची ओढून बसल्या. “बघा हो भाऊ, किती वेळा लावला असेल बिचाऱ्याने,” म्हणाल्या.

मी कॉलची यादी उघडली. शेवटचा कॉल गणपतीच्या आधीचा. त्यानंतर एकही नाही. मला वाटलं, यादी यायला वेळ लागत असेल. बंद करून पुन्हा उघडली. तेच. वर सुदर्शनच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे स्वारी आत्ताही कॉम्प्युटरवर होती. मला त्या पोराचा असा संताप आला की काय सांगू.

लावू का, असं मी विचारलं. बाईंनी नको म्हणून मान हलवली. कामात असेल, म्हणाल्या. बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या.

“भाऊ, हे पहिल्यासारखं करून देता येईल का? बंद होतं तेव्हा बरं होतं. फोन का येत नाही, ते तरी ठाऊक होतं.”

मी सर्व्हिस बंद केली.