आणि इतर देणगीदार

व्हॅनचा तो फोटो माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. पांढरी कोरी गाडी, पुढं झेंडूचा हार, बाजूला आमच्या कॉलेजचे प्राचार्य आणि ती गाडी देणारे माजी विद्यार्थी, पुण्यात बांधकामाच्या धंद्यात मोठे झालेले. तिरुपूरच्या फॅक्टरीत शर्टांची शिलाई तपासताना मी तो शेजारच्या बाईला दाखवला होता. ती तमिळ, मी मराठी, दोघींची हिंदी मोडकी. 'मेरी भतीजी इसमें कॉलेज जाती है,' असं मी तिला सांगितलं होतं.

त्या कॉलेजात मी अकरावीला होते, तेही अर्धंच वर्ष. आमच्या वस्तीजवळून जाणारी एसटी बंद झाली आणि माझं शिकणं तिथंच थांबलं. तरी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला माजी विद्यार्थिनी म्हणून घेतलं, याचंच मला अप्रूप. फॅक्टरीत कामाला लागताना दाखला हवा होता, तो कॉलेजच्या ऑफिसनं एवढ्या लांब टपालानं पाठवला होता, एका शब्दानं न विचारता. ते मी विसरले नव्हते. म्हणून व्हॅन आली तेव्हा डिझेल आणि ड्रायव्हरच्या पगारासाठी दर महिन्याला थोडं थोडं पाठवायचं कबूल केलं. माझ्यासारखे आणखी होते. एक सलूनवाला, एक एसटी कंडक्टर, शेवंती लावणारी माझी बाकावरची मैत्रीण, असेच कुणी कुणी.

यंदा जानेवारीत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जायचं ठरवलं. सुट्टी मिळेल का, गाडी चुकेल का, तिथं कुणी 'तू कुठली माजी विद्यार्थिनी?' असं म्हणेल का, अशा धास्तीतच दौंडला उतरले. दादा मोटारसायकल घेऊन आला होता. खुटबाव, राहू करत पूल ओलांडला आणि वडगाव रासाईच्या अलीकडं आमच्या वस्तीवर आलो. दारात भाची उभी. अंगात दादाचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, हातात पाटी.

"कॉलेज न्हाई आज?" मी विचारलं.

"फुलं तोडायला चाललेय, आत्या."

"आन् व्हॅन?"

तिनं दादाकडं पाहिलं. दादा मोटारसायकल पुसायला लागला. "बंद हाय दिवाळीपासनं," तो खाली बघूनच म्हणाला. "उसाच्या कडंनं पोरीला एकटी कशी धाडू? बिबट्यानं परवा खालच्या वस्तीवरली शेळी दारातनं उचलली. तू लांब, म्हनलं उगा घोर कशाला लावायचा."

मी ओट्यावर बसले ती बसलेच. चहा समोर निवला. बारावीचं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि पोरगी दिवाळीपासून घरी. मी मात्र महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवून तिकडं निवांत झोपत होते.

चप्पल घातली आणि तशीच कॉलेजला गेले. व्हॅन लिंबाखाली उभी होती. चारही बाजूंनी देणाऱ्यांच्या वडिलांचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ'. काचेवर पाला साचलेला. प्राचार्य मला एका वर्गातनं दुसऱ्या वर्गात घेऊन गेले. माझ्या लक्षात येईना, हे काय दाखवताहेत. मग त्यांनी वर बोट केलं. पंख्याच्या पात्यांवर नावं रंगवलेली होती. एका बॅचनं पंखे दिले म्हणून दुसऱ्या बॅचनं दिले, तिसरीनं त्यांच्याहून भारी दिले. छताला जागा उरली नव्हती.

"यातले दोनच चालवतो," ते म्हणाले. "वीजबिलावर कुणाचं नाव रंगवता येत नाही ना."

"आन् व्हॅनचं काय झालं, सर?"

"गाडी ज्यांनी दिली त्यांनी मनापासून दिली. चालवत होता तुम्ही लोक. मागच्या मेळाव्यानंतर एकेक जण थांबला. शिल्लक होती तोवर दिवाळीपर्यंत ढकललं. आता येतं ते फक्त तुमचं. तेवढ्यात गाडी गेटाबाहेर निघत नाही."

"थांबले का पण?"

"विचारलं मी फोनवर. अडचण आहे म्हणतात सगळे. एकाच वेळी सगळ्यांना कशी अडचण येते?"

मैत्रिणीचा मळा वाटेतच. भाची तिच्याच शेवंतीत वाकून फुलं तोडत होती. मैत्रिणीनं मला मिठी मारली, बांधावर बसवलं, आणि मी विषय काढताच हात झटकले.

"तू बी आता वसुलीला आली व्हय तिरुपूरवरनं?"

"वसुली न्हाई गं. पोरगी घरी बसली माझी."

"घरी कुठं? माझ्याकडं हाय की." ती हसली, मग माझं तोंड बघून थांबली. "बरं, ऐक. गेल्या मेळाव्याला सासूला घेऊन गेले हुते. म्हनलं, हिच्या कानावर पडू दे एकदा. माईकवर नावं वाचायला घेतली. पयलं गाडीवाल्यांचं, मग गेटच्या कमानीवाल्यांचं, मग पंखेवाल्यांचं. तिकडं जेवणाच्या पंगती खोळंबलेल्या. सूत्रसंचालकानं घड्याळ बघितलं आन् म्हनला, 'आणि इतर देणगीदार.' झालं. ताटं वाढली."

"एवढ्यावरनं तू..."

"मला काय नाव रंगवायचं हुतं का कुठं? पण फुलं इकून बाजारातनं पट्टी आली की तिच्यातनं मी दर महिन्याला पैसं बाजूला काढत हुते, ते सासूला माहीत. मंदिराची वर्गणी दिली तर यात्रेत पुकारा हुतो, सगळं गाव ऐकतं. हितं न्हाई झाला. घरी येईस्तोवर म्हातारी एकच म्हनत हुती, 'नाव कुठं आलं गं तुझं? पैसं माहेरी तर धाडत न्हाईस?' नवऱ्यानं बी तसंच बघितलं माझ्याकडं. तवापासनं बंद. सलूनवाल्याच्या घरी बी तीच गत, इचार जाऊन."

मला यातलं काहीच सुचलं नसतं. मी एकटी राहते, पैसे पाठवते, मला विचारणारं कुणी नाही. माईकवरचा पुकारा म्हणजे मोठेपणा मिरवणं, असंच मी धरून चालले होते. घरातल्यांसाठी तीच पोच होती, आणि ती मिळाली नाही म्हणून एका सुनेवर चोरीचा आळ आला होता.

दुसऱ्या दिवशी मेळावा. सकाळीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. सांगितलं सगळं. सूत्रसंचालक त्यांनीच नेमला होता, घाई करायलाही त्यांनीच खुणावलं होतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. म्हणाले, "आज सगळी नावं वाचू."

"पण ती माणसं आज येणारच न्हाईत, सर. आन् त्यांच्या घरची तर मुळीच न्हाईत. तुम्हीच जायला पाहिजे."

"मी? घरोघर?"

"व्हय."

गाडीवाले माजी विद्यार्थी तेवढ्यात आत आलेच होते, गळ्यात उपरणं. ते ऐकून म्हणाले, "माझी गाडी दिवाळीपासून उभी आहे?" कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. ते खुर्चीत बसले. मग त्यांनीच डिझेल मागवलं, ड्रायव्हरला बोलावलं, आणि मेळाव्याची वेळ पुढं ढकलून व्हॅन निघाली. पुढं ड्रायव्हर, मागं ते, प्राचार्य आणि मी. भाची वाटेत चढली.

मैत्रिणीच्या ओट्यावर सासूबाई लसूण सोलत होत्या. प्राचार्यांनी वाकून नमस्कार केला. "आजी, तुमच्या सुनेचे पैसे दर महिन्याला कॉलेजला पोचत होते. त्यावरच ही गाडी चालली. नाव वाचायचं राहिलं, चूक माझी."

म्हातारीनं व्हॅनकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. "म्हंजी ही गाडी आमची बी हाय?"

"आहे की," गाडीवाले म्हणाले.

"मग हितं वस्तीवर का येत न्हाई? फाट्यावरनंच माघारी का वळती?"

ड्रायव्हरनंच मग सांगितलं. गाडी गावात चौकातनं फिरायची, नाव सगळ्यांना दिसावं म्हणून. वस्तीवरच्या पोरींना फाट्यापर्यंत उसाच्या कडेनं चालतच यावं लागायचं. हे मलाही तेव्हाच कळलं. दादा कसा पाठवत होता, कोण जाणे.

"येईल वस्तीवर," गाडीवाले हळूच म्हणाले.

"ये म्हनाव. सुनबाई, दे मग तू," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. सुनेकडं तिनं परत बघितलं नाही. सून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

सलूनवाल्याकडंही असंच झालं. कंडक्टरच्या बायकोनं मात्र दार लावून घेतलं. त्यांचे पैसे अजून आलेले नाहीत.

आता मी परत तिरुपूरला आहे. व्हॅन वस्तीवर येते. भाचीला सांगून ठेवलंय, गाडीत बसलीस की नुसतं 'बसले' एवढं लिहायचं. मेसेज आला नाही की माझे हात शर्टावर थांबतात. शेजारची तमिळ बाई मग माझ्या वाटचे दोन-चार शर्ट तपासून टाकते. काल मेसेज आलाच नाही. चहाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलेना. शेवटी पलीकडून भाची दबक्या आवाजात बोलली.

"आत्या, वर्गात हाय. ठेव."

आणि तिनंच फोन कापला.