ताईची सकाळची पोथी

तार आली तेव्हा मी अंगणात वड्या घालत होते. पोस्टमन ओळखीचा. नेहमी लांबूनच हाक मारणारा तो माणूस त्या दिवशी टोपी काढून थेट दारात आला... तेव्हाच काय ते कळलं. सेलूची माझी थोरली बहीण, गोदाताई, पहाटे गेली होती. हिंगणघाटहून वर्धा, तिथून दुसरी मोटार; सेलूला पोचेपर्यंत ऊन कललं होतं आणि माणसं आंघोळी करून परतत होती. तिचं तोंडही मला पाहायला मिळालं नाही.

ताईच्या लग्नात आमच्या वडिलांनी रुखवताच्या भांड्यांशेजारी एक पोथी ठेवली होती. शेतकऱ्याच्या घरची सून पोथी वाचणार म्हणून सासरी हसू झालं. पण सडासारवण आटोपलं की ती ओसरीत पाटावर बसायची आणि मोठ्यानं वाचायची. जेमतेम पाच-दहा ओव्या, रोज. भाऊजींना अक्षरओळख नव्हती. बैल सोडता सोडता ते चिडवायचे, "झालं काय तुहं पुराण? भाकर भेटन का आज?" ती हसून पान मिटायची. रोज वाचून काय मिळतं गं, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "मिळत काई नाई. पण कोणी तोडून बोललं ना, त उत्तर द्यायच्या आधी सकाळचं काईतरी आठोते. मंग राग अर्धा होऊन जाते." जावांच्या त्या भरल्या घरात तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

मग कमल गेली. एकुलती एक लेक, लग्नाला आलेली. आपण आता मुंबई राज्यात गेलो म्हणून चावडीवर वाद चालायचे, त्याच हिवाळ्यात तिला ताप भरला तो उतरलाच नाही. मी तेव्हा ताईजवळ होते. ती रडली नाही. पोथी फडक्यात बांधून तिनं उंच फळीवर टाकली आणि म्हणाली, "इतके वर्सं वाचलं. एक ओवी तरी माह्या लेकीच्या कामी आली काय?"

पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं. कापूस वेचून झाला, उन्हाळा लागला, तरी पोथी फळीवरच होती. एक दिवस भाऊजींनी हात धुतले, फळीवरची पोथी काढली आणि तिच्यापुढं ठेवली.

"वाच."

"काऊन? तुमाले त ते पुराण वाटे."

भाऊजी पोथीचं फडकं सोडू लागले. मग म्हणाले, "सकाळचं घर खायाले उठते. तुहा आवाज नसला का मले दोघीबी गेल्यासारख्या वाटतात."

त्या दिवशी तिच्यानं एक ओवीही पुरी झाली नाही. कमल गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, पोथीवर डोकं ठेवून... दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. त्यानंतर वाचनात खंड पडला नाही. मात्र आता ती सावकाश वाचायची, मधेच थांबायची, अंगणाकडे पाहत राहायची. "उत्तर भेटलं का गं?" मी भीत भीत विचारलं होतं. "नाई," ती म्हणाली. "कमल काऊन गेली ते पोथीतबी नाई लिवलं. पण ज्यानं हे लिवलं, त्यानंबी कोणाले तरी गमावलं असन. तेवढं समजलं का एकटं नाई वाटत."

ताई गेल्यानंतर, गेल्या आठवड्यात मी पुन्हा सेलूला जाऊन आले. सकाळी उठून पाहते तर भाऊजी ओसरीत बसलेले, बैल अजून दावणीलाच. मला पाहून ते आत गेले आणि पोथी घेऊन आले. "तुले वाचता येते ना?" मी पाटावर न बसता खालीच बसले. पोथीत तिच्या लुगड्याच्या काठाची निळी चिंधी होती, एका अध्यायाच्या मधोमध. तिथलं पान मी उघडलं, तर भाऊजींनी हात आडवा केला.

"तिथून नको. पयल्यापासून वाच."

"काऊन, भाऊजी? बरंच झालं आहे तिचं वाचून."

"तिचं झालं," ते म्हणाले. "म्या इतके वर्सं नुसता तिचा आवाज आयकला, बाई. पोथी काय म्हणते, ते आयकलंच नाई."

मी पहिलं पान काढलं.