खुंटी

मॅनेजरनं स्वतःच्या हातानं माझ्या छातीवर कागद चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, 'इंडियन'.

इस्रायलमधल्या अश्दोदचा लोणच्याचा कारखाना. काकड्या, ऑलिव्ह, मिठाचं पाणी, काचेच्या बरण्या. नव्वदचं दशक. रशियातून, इथिओपियातून माणसं येत होती आणि आमच्या लाईनवर पाच देशांच्या बायका उभ्या राहत होत्या. कपडे बदलायच्या खोलीत भांडण झालेलं. अल्माझ नावाच्या इथिओपियन बाईचा कोट कुणीतरी खुंटीवरून काढून ओल्या फरशीवर फेकला होता. कुणी कबूल केलं नाही. म्हणून तेल अवीवहून एक शिकलेली बाई बोलावली होती, आम्हाला एकमेकींशी नीट वागायला शिकवायला.

एकेका देशाची एक बाई पुढे उभी करायची. बाकीच्यांनी तिच्याबद्दल मनात येईल ते बोलायचं. शिकलेली बाई ते फळ्यावर लिहायची. माझी पाळी आली. "शांत." "ऐकतात." "तक्रार करत नाहीत." मग मॅनेजर उठला. डोळे मोठे केले आणि मान डावी-उजवीकडे डोलवून दाखवली. "बेसेदेर, बेसेदेर." ठीक आहे, ठीक आहे. आमची नक्कल. अख्खा हॉल हसला.

मीही हसले. एकवीस वर्षं त्या देशात काढलेली, दोन पोरांची आई. छातीवर कागद घेऊन हसले.

पुढच्या रविवारी त्यानं मला शिफ्टची प्रमुख केलं. पांढरी टोपी गेली, निळी आली. वीस बायका हाताखाली. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. घरी जाऊन मुलीला म्हटलं, "बघ, तुझी आई साहेब झाली." ती हिब्रूत म्हणाली, "सोफ सोफ, इमा." एकदाची झालीस, आई.

तो आनंद बुधवारपर्यंत टिकला.

बुधवारी मॅनेजरनं ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक अर्ज होता. खाली सहा सह्या. अल्माझचा कोट आमच्या कोटांशेजारी नको. वास येतो. त्यांच्यात रोग असतात म्हणे. सगळ्यात वरची सही मिल्काबायची. मिल्काबाय आमचीच, बेने इस्राएल, कोकणातली ज्यू. माझ्याच गावाकडची. लाईनवर माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकटी.

"पॅसेजमध्ये, झाडू-बादल्या असतात ना, तिथं तिला वेगळी खुंटी ठोकून दिलीय," मॅनेजर म्हणाला. "तू सांग तिला. तुम्ही इंडियन गोड बोलता. माझ्या टीममध्ये मला लढाई नको. तुला त्यासाठीच घेतलंय."

तुला त्यासाठीच घेतलंय.

आणि मी गेले. हे सांगायलाच हवं. मी गेले.

अल्माझ झग्याची बटणं लावत होती. मी म्हटलं, "अल्माझ, ऐक ना. तुझा तो कोट..."

एवढंच. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचा हात वर गेला आणि कोट खुंटीवरून निघू लागला. पुढचं वाक्य तिनं आधी खूपदा ऐकलेलं होतं.

तो हात माझ्या ओळखीचा होता.

अलिबागेजवळचं आमचं गाव. मी सात वर्षांची. लग्नाचं जेवण. आमच्या घराण्यात कधीकाळी कुणीतरी बाहेरच्या जातीची बायको आणलेली, म्हणून आम्ही काळे इस्राएल. बाकीचे गोरे. देव एक, शनिवारचा शब्बाथ एक, पण पंगत वेगळी, भांडी वेगळी. आई त्या दिवशी गर्दीत चुकून गोऱ्यांच्या पंगतीत बसली. वाढणारी म्हातारी आमच्यासमोर येऊन थांबली. नुसती थांबली. आईनं एका हातानं पत्रावळ उचलली, एका हातानं मला.

"आये, तिनं तर काय सांगितलंच नाय," मी म्हटलं.

"सांगायची वेळ कशाला आणायची, बाय."

अश्दोदला आल्यावर हे कुणाला ठाऊक नव्हतं; गोऱ्यांतल्या मिल्काबायलाही नसावं, असं मी धरून चालले. इथं गोऱ्या इंडियनांनाही लोक काळेच म्हणायचे. मी तोंड मिटून घेतलं. नवऱ्याला माहीत होतं. मुलांना कधी सांगितलं नाही.

"राहू दे," मी अल्माझला म्हटलं. "कोट काढू नकोस."

तशीच ऑफिसात परत गेले. टेबलावरचा अर्ज उचलला.

"काय करतेस?" मॅनेजर म्हणाला.

"वाचून दाखवते. सहा जणींनी सह्या केल्यात. सहा जणींनी तिच्या तोंडावर बोलावं."

"तू तर शांत होतीस."

"शांत नव्हते. गप्प होते."

दहाच्या सुट्टीत सगळ्या जेवणाच्या हॉलमध्ये होत्या. मी मधे उभी राहिले. वाचलं. वासाचं वाचलं, रोगाचं वाचलं. चमचे थांबले. अल्माझ भिंतीकडे पाहत होती. मग पहिलं नाव वाचलं.

मिल्काबाय ताडकन उठली. मराठीत ओरडली, म्हणजे फक्त मला कळावं. "गप बस गो! सांगू काय सगल्यांना, तू कोणाची ती? तुझी आये कुठं बसायची ती?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं शेजारी उभी राहून तिनं ते जपून ठेवलं होतं, याच दिवसासाठी. मी अर्ज टेबलावर ठेवला.

मग मी बोलले. हिब्रूत. सगळ्यांना कळावं म्हणून.

"ती म्हणते, माझी आई कुठं बसायची ते सांगेन. मीच सांगते. माझी आई पंगतीबाहेर बसायची. आम्हाला आमच्याच माणसांनी विटाळाचं ठरवलं होतं. मिल्काच्या घरच्यांनी. आता मिल्का ह्या बाईला बाहेर काढतेय, आणि मॅनेजरनं तिला बाहेर काढायला मला पाठवलंय. मी काढणार नाही."

एक मोरोक्कन बाई हळूच म्हणाली, "ज्यूंमध्ये? आपसात?" मिल्काबाय खाली बसली. माझ्याशी ती पुन्हा कधी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी निळी टोपी काढून घेतली. मी टीमचं वातावरण बिघडवलं म्हणे. मला मिठाच्या टाकीवर टाकलं. तिथं हातांना भेगा पडतात, त्या वर्षभर भरत नाहीत. सहांपैकी दोघींनी आपले कोट दुसऱ्या भिंतीला नेले. माफी कुणी मागितली नाही. अल्माझचा कोट होता तिथंच राहिला.

आठवड्यानं ती बसस्टॉपवर शेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल.

"आधी तूच सांगायला आली होतीस," ती म्हणाली.

"हो."

"मी विसरणार नाही."

"विसरू नकोस," मी म्हटलं. तिची बस आली. ती गेली.

त्याच दिवशी घरी मुलीला सगळं सांगितलं. गाव, पंगत, आई, आणि अल्माझसमोर मी उच्चारलेलं ते अर्धं वाक्यसुद्धा. ते अर्धं वाक्य सांगणं सगळ्यात कठीण गेलं.

त्यानंतर मी त्या कारखान्यात अकरा वर्षं होते. नवी बाई आली, कुठल्याही देशाची, की पहिल्याच दिवशी मी तिच्याजवळ जायची. म्हणायची, "इथं तुला कुणी ना कुणी उठायला सांगेल. त्याला पुरं वाक्य बोलू दे. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. बोलणारी मी असले तरी. आणि वाक्य पुरं झालं, तरीही उठू नकोस."